‘सात नंबर’लाही नाव असते!

सोमवारची सकाळ. सरकारी दवाखान्यातला गरोदर स्त्रियांच्या तपासणीचा दिवस. बाकावर जागा नाही म्हणून निम्म्या बायका भिंतीला टेकून खाली बसलेल्या. कुणाला सातवा, कुणाला नववा. कुणी पहिलटकरीण, तर कुणी घरची दोन लेकरे शेजारणीच्या हवाली करून आलेली. आतून आवाज येतो :

“ए, पुढची कोण? चल, ये लवकर. कार्ड कुठंय? मागल्या वेळी का नाही आलीस?”

तेवढ्यात बाहेर मोटार थांबते. कुणाची तरी ओळखीची चिठ्ठी घेऊन एक बाई आत येतात. त्यांनाही सातवाच महिना. आणि त्याच दारातून, त्याच तोंडून शब्द येतात :

“या ना मॅडम, बसा. कसं वाटतंय तुम्हाला?”

वाचकहो, दोघींच्या पोटातली बाळे एकाच वयाची. दोघींच्या मनातली धाकधूकही एकच. मग ‘ये’ आणि ‘या’ यांच्यामध्ये हे अंतर आले कुठून? साडीची किंमत पाहून सर्वनाम ठरले, दुसरे काय!

इंग्रजांचे सारे एका ‘यू’वर भागते. आपल्या मराठीने मात्र ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ अशी तीन भांडी मांडून ठेवली आहेत. कुणापुढे कोणते ठेवायचे, हे वाढणाऱ्याच्या हाती. म्हणूनच आपल्याकडे डॉक्टर, परिचारिका, समाजसेविका, अंगणवाडीताई यांनी आईबापांशी कसे बोलावे हा प्रश्न नुसत्या गोडव्याचा राहत नाही. तोंड उघडताक्षणी समोरच्या माणसाची पायरी ठरलेली असते.

ही तक्रार मी बाहेर उभी राहून करीत नाही. चौतीस वर्षे मी परिचारिका म्हणून नोकरी केली, आणि त्यांतली बावीस प्रसूतीच्या वॉर्डात काढली. वर सांगितलेला पहिला आवाज कित्येकदा माझाच होता.

एका रात्रीची गोष्ट

नोकरीचे दुसरे वर्ष होते. रात्रपाळी. वॉर्डात अडतीस बायका, आम्ही दोघी परिचारिका आणि एक आया. सात नंबरच्या खाटेवर विशीतली एक मुलगी होती. पायांवर सूज आणि रक्तदाब वाढलेला, म्हणून ठेवून घेतलेली. खेड्यातून आलेली. बरोबर सासू होती, ती व्हरांड्यात निजलेली.

संध्याकाळपासून ती तीनदा माझ्या टेबलाशी आली. एकदा घरी कधी सोडणार म्हणून, एकदा प्यायचे पाणी कुठे मिळेल म्हणून. तिसऱ्यांदा आली ती नुसतीच उभी राहिली. मी कागदांतून मानसुद्धा वर केली नाही. म्हटले, “ए सात नंबर, किती वेळा उठशील गं? जगात तू एकटीच बाळंत होणार आहेस का? गप पड जा.”

ती गेली. मग रात्रभर उठली नाही. खरे सांगते, मला बरे वाटले.

सकाळी डॉक्टर फेरीला आले. त्यांनी तिच्या पोटावर नळी टेकवली. जागा बदलून पुन्हा टेकवली. मग तिसऱ्या जागी. अखेर नळी खाली ठेवून त्यांनी विचारले, “बाळ कधीपासून हललं नाही?”

“राती जेवल्यापासून.”

“मग सांगितलं का नाहीस?”

तिने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. चादरीचा काठ मुठीत धरून एवढेच म्हणाली, “बाई रागावतील म्हणून.”

ते बाळ मृत जन्मले. रात्री तिने सांगितले असते तर ते हमखास वाचले असते, असे कोणी छातीठोकपणे म्हणू शकणार नाही. रक्तदाब वाढलेल्या बाईच्या बाळाला पोटातच पोषण कमी पडते, आणि अशी बाळे सारे उपाय करूनही कधी कधी हातची जातात. पण उपाय करण्याची संधी आम्हांला मिळाली नाही, आणि ती मीच घालवली. औषध चुकले नव्हते, इंजेक्शन चुकले नव्हते. चुकले होते ते एक वाक्य.

बोलणे हाही उपचारच

काही लोकांना वाटते की गोड बोलणे म्हणजे ताटाभोवतीची रांगोळी. असली तर शोभा, नसली तरी जेवण अडत नाही. प्रसूतीच्या बाबतीत हे साफ खोटे आहे. बाळाची हालचाल मंदावली, डोळ्यांपुढे अंधारी आली, डोके सडकून दुखू लागले, अंगावरून पाणी किंवा रक्त गेले, ही धोक्याची चिन्हे सर्वांत आधी कुणाला कळतात? यंत्राला नव्हे, डॉक्टरला नव्हे, त्या बाईला. तिचे तोंड बंद झाले की आपले डोळे बंद झाले.

आणि आपल्याकडे हे तोंड उघडणे किती अवघड, ते डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत केलेल्या पाहणीने जगाला दाखवले. १९८९ साली ती ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि त्यासाठी पूर्वी कधी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. दुखणे होते, पण ते कुणाजवळ सांगायची सोय नव्हती.

त्याच्या शंभर वर्षे आधीची गोष्ट आठवा. कल्याणात जन्मलेल्या आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि त्यांचे बाळ दहा दिवसांत गेले. त्या दुःखातून त्यांनी डॉक्टर होण्याचे ठरवले आणि १८८६ साली अमेरिकेत पदवी मिळवली. आपल्या बायका आपले दुखणे मोकळेपणी सांगू शकतील असे माणूस समोर हवे, ही त्यांची तळमळ होती. आज स्त्री-डॉक्टर गावोगाव आहेत. पण समोर स्त्री बसली म्हणून बाई बोलतेच असे नाही. समोरचे माणूस ऐकायला बसले आहे असे दिसले, तरच ती बोलते.

हा प्रश्न आज पूर्वीपेक्षा मोठा झाला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये देशातली जेमतेम ३८.७ टक्के बाळंतपणे रुग्णालयांत होत होती. २०१९-२१ च्या पाहणीत तो आकडा ८८.६ टक्क्यांवर गेला. घरच्या अंधाऱ्या खोलीतून, ओळखीच्या सुईणीच्या हातून निघून बाई दिव्यांच्या लखलखाटात अनोळखी माणसांत आली. हे चांगलेच झाले. त्याने जीव वाचले. पण सुईण तिला नावाने ओळखत होती. तिच्या आईलाही ओळखत होती. इथे ती ‘सात नंबर’ झाली.

‘तू’ नेहमीच वाईट का?

इथे एक शंका कुणीही काढील. आपल्या आजीने, मावशीने कधी आपल्याला ‘तुम्ही’ म्हटले होते का? ‘तू’मध्ये जी माया आहे ती ‘आपण’मध्ये कुठून येणार?

शंका खरी आहे. देशावरचे ‘अगं पोरी’ आणि कोकणातले ‘गो बाय’ यांत जो ओलावा आहे तो मलाही ठाऊक आहे. वेणा असह्य झाल्या असताना पांढऱ्या केसांची एखादी आया पाठीवरून हात फिरवीत “अगं, झालंच बघ आता” म्हणते, तेव्हा त्या ‘अगं’ने जे होते ते कोणत्याही ‘मॅडम’ने होणार नाही.

पण मायेचा ‘तू’ आणि घाईचा ‘तू’ यांची गल्लत नको. मायेच्या ‘तू’बरोबर हात येतो, नजर येते, वेळ येतो. घाईचा ‘तू’ पाठ फिरवून बोलतो. म्हणून माझा साधा नियम असा : सुरुवात ‘तुम्ही’ने करावी. ‘तू’ हा त्या बाईने द्यायचा मान आहे, आपण घ्यायचा हक्क नव्हे. दोन दिवसांनी तीच म्हणेल, “सिस्टर, मला अहोजाहो नका करू.” मग खुशाल करा अरेतुरे.

आणि हाक कोणती मारावी? ‘बाई’ हा शब्द किती चांगला! शाळेत आपण केवढ्या आदराने ‘बाई’ म्हणतो. पण त्याच्यामागे ‘ए’ लागला की त्याचे सोने गेले. ‘ताई’ बहुतेकींना चालते. ‘माई’, ‘वहिनी’ वयाचा अंदाज घेऊन. ‘पेशंट’ मात्र नको. गरोदरपण हा आजार नव्हे. सर्वांत उत्तम म्हणजे नाव. पण तेही विचारून घ्यावे. कागदावर सासरचे नाव असते आणि बाईच्या कानाला माहेरचे सवयीचे असते. मी एकदा एका मुलीला कागदावरच्या नावाने पाच हाका मारल्या, तरी ती हलेना. मला वाटले बेशुद्ध पडली! शेजारणीने सांगितले, “लग्न होऊन सहाच महिने झालेत हो, तिला हे नाव आपलं वाटतच नाही.”

आपले नावही सांगावे. इंग्लंडमध्ये केट ग्रेंजर नावाच्या एक तरुण डॉक्टर स्वतःच कर्करोगाने आजारी पडल्या. २०१३ साली रुग्णालयात पडल्या पडल्या त्यांच्या ध्यानात आले की, येणारे-जाणारे डॉक्टर आणि परिचारिका आपले नावसुद्धा सांगत नाहीत. त्यांनी ‘नमस्कार, माझे नाव अमुक’ एवढ्या एका वाक्याची चळवळ सुरू केली. २०१६ साली त्या गेल्या. पण त्यांचे वाक्य देशोदेशीच्या रुग्णालयांत पोचले. पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही. तीन सेकंद लागतात.

शब्दांच्या चिठ्ठ्या

आता आमच्या धंद्याचे शब्द पाहा. पस्तिशीत पहिल्यांदा दिवस गेलेल्या बाईच्या कागदावर ‘एल्डर्ली प्रायमी’ असे लिहिण्याची रीत होती. म्हणजे म्हातारी पहिलटकरीण! गर्भाशयाचे तोंड वेळेआधी उघडू लागले तर त्याला ‘इन्कॉम्पिटंट’, म्हणजे नालायक. कळा मंदावल्या की ‘फेल्युअर’. बरीच वर्षे वाट पाहून दिवस राहिले तर ‘प्रेशस बेबी’. मग शेजारच्या खाटेवरचे बाळ काय स्वस्तातले? हे शब्द आपण डोक्यावरून उभे राहून बोलतो, आणि आजच्या मुली इंग्रजी शिकलेल्या असतात, हे विसरतो.

उलट आपली भाषा पाहा. ‘पहिलटकरीण’, ‘दोन जिवांची’, ‘लेकुरवाळी’. किती कौतुकाचे शब्द! पण आपल्याकडेही एक जागा दुखरी आहे. आपोआप पोट गेले तरी ‘गर्भपात’ आणि कायद्याने करून घेतले तरी ‘गर्भपात’. एका मुलीचे तिसऱ्या महिन्यात आपोआप गेले. घरी नेलेल्या कागदावरचा तो शब्द नातेवाइकांनी वाचला आणि विचारले, “पाडलंस होय?” रडायचे सोडून ती बिचारी खुलासे करीत बसली. आयुर्वेदात चौथ्या महिन्यापर्यंत आपोआप जाण्याला ‘गर्भस्राव’ असा वेगळा शब्द आहे. इंग्रजीतही हीच अडचण होती. आपोआप झालेल्याला ‘अबॉर्शन’ न म्हणता ‘मिसकॅरेज’ म्हणावे, असे काही डॉक्टरांनी १९८५ साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले, आणि हळूहळू रीत बदलली. निदान तोंडाने तरी आपण “बाळ राहिलं नाही, यात तुमची काही चूक नाही” असे म्हणू शकतो.

आणि एक अक्षर. एकच! बाळंतपणाच्या खोलीतून बाहेर येऊन आम्ही सांगतो, “मुलगीच झाली.” हा ‘च’ कुणी शिकवला? मुलग्याला तो लागला तर आनंदाचा होतो, मुलीला लागला की सुतकाचा. गर्भाचे लिंग सांगणे १९९४ च्या कायद्याने गुन्हा ठरले. पण जन्मल्यानंतर एका ‘च’ने तिची किंमत कमी करण्याला कायदा कुठे आडवा येतो? तिथे आपली जीभच आडवी यायला हवी.

आई, बाप आणि सासूबाई

बाळ झाले की बाईचे उरलेसुरले नावही जाते. बालविभागात ती ‘बाळाची आई’ होते. “ए बाळाची आई, दूध आण!” एका दिवसात झालेले हे नवे नाव काहींना गोड वाटते. पण काचेच्या पेटीत ठेवलेल्या बाळाजवळ तीन आठवडे उभी राहणारी बाई हीसुद्धा कुणीतरी आहे. तिचे टाके दुखतात. तिला नावाने हाक मारून “तुम्ही जेवलात का?” असे विचारणारे एक तरी माणूस हवे.

बापाचे हाल वेगळेच. त्याच्याशी दोनच वाक्ये बोलली जातात : “बाहेर थांबा” आणि “इथं सही करा.” बायकोचे काय चालले आहे हे त्याला कुणी सांगत नाही. मग तो आवाज चढवतो, आणि आम्ही म्हणतो, हल्लीचे नातेवाईक फार उद्धट!

उलट कधी कधी सारे बोलणे नवऱ्याशी आणि सासूशीच होते. बाई मध्ये खाटेवर, आणि तिच्या पोटाबद्दलची चर्चा तिच्या डोक्यावरून! हे चूक आहे. सज्ञान स्त्रीच्या शरीराबद्दल आधी तिला विचारायचे. गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्यातसुद्धा सज्ञान स्त्रीची एकटीची संमती पुरते. नवऱ्याची सही लागत नाही. सासूबाईंचा मान राखावा, त्यांना बसायला खुर्ची द्यावी. पण प्रश्न सुनेला विचारावा.

वाईट बातमी कशी सांगावी

सर्वांत कठीण प्रसंग हा. बाळ डाऊन सिंड्रोमचे आहे असे दिसले. हे आईबापांना कसे सांगायचे? मी व्हरांड्यात, चालता चालता, लिफ्टची वाट पाहताना सांगितलेले ऐकले आहे. आईला झोपेत ठेवून फक्त बापाला सांगितलेले ऐकले आहे. आणि “गरोदरपणी काय खाल्लंत?” असे विचारलेलेही ऐकले आहे.

पूर्वी अशा बाळांना ‘मंगोल’ म्हणत. १९५९ साली कळले की याचे कारण एकविसाव्या गुणसूत्राची एक जादा प्रत. आईच्या खाण्याशी, ग्रहणाशी, कुणाच्या शापाशी त्याचा संबंध नाही. १९६१ साली काही शास्त्रज्ञांनी ते जुने नाव टाकावे असे लिहिले, आणि मंगोलिया देशाने हरकत घेतल्यावर १९६५ साली जागतिक आरोग्य संघटनेनेही ते सोडले. म्हणजे एक शब्द बदलण्यासाठी जगातल्या मोठमोठ्यांना खटपट करावी लागली. आपल्याला तर फक्त दार लावून घ्यायचे आहे.

मी ज्यांच्या हाताखाली काम केले, त्यांतल्या एका बालरोगतज्ज्ञांची पद्धत मला अजून आठवते. ते आईला आणि बापाला एकत्र बोलावीत. स्वतः बसत. बाळ आईच्या मांडीवर देत. आधी बाळाला नावाने हाक मारीत, नाव ठेवले नसेल तर ‘सोनू’ म्हणत. मग सांगत. आणि सांगून झाल्यावर घड्याळाकडे न पाहता गप्प बसून राहत. ते गप्प बसणे मला वीस वर्षे शिकूनही नीट जमले नाही.

वेळ कुठे आहे?

माझ्या जुन्या मैत्रिणी हे वाचून म्हणतील, “निवृत्त झालीस म्हणून सुचतंय! अडतीस बायकांत दोघी असलो तर गोड बोलायला वेळ कुठाय?”

त्यांचे म्हणणे खोटे नाही. माणसे कमी आहेत, खाटा कमी आहेत. आम्हांलाही ‘ए सिस्टर’ म्हणूनच हाका मारल्या जातात, वरिष्ठ चारचौघांत बोलतात, आणि तो राग खाली उतरत उतरत सात नंबरच्या खाटेवर पोचतो. परिचारिकेला माणसासारखे वागवल्याशिवाय तिने सर्वांना माणसासारखे वागवावे ही अपेक्षा पुरती न्यायाची नाही. पण ‘अगं’ म्हणायला लागतो तेवढाच वेळ ‘अहो’ म्हणायला लागतो. ‘गप पड’ आणि ‘काय होतंय?’ यांत घड्याळाचा फरक नाही.

सरकारलाही हे पटले आहे. बाळंतपणाच्या वेळी बाईच्या ओळखीची एक स्त्री जवळ असू द्यावी, असे केंद्राने २०१६ मध्ये सांगितले. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘लक्ष्य’ योजनेत प्रसूतिकक्षातल्या सन्मानाच्या वागणुकीला जागा मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या प्रसूतीविषयक शिफारशींत सन्मान आणि नीट संभाषण यांना औषधोपचारांच्या बरोबरीने स्थान दिले. २०१९ पासून एम.बी.बी.एस.च्या मुलांना संभाषणाचे रीतसर धडे आहेत. हे सारे कागदावर आले. आता ते ओठांवर यायचे आहे.

ते येईपर्यंत ही छोटी यादी कुणी वॉर्डाच्या भिंतीवर लावली तर मला आनंद होईल :

१. आधी आपले नाव सांगा, मग तिचे विचारा.
२. सुरुवात ‘तुम्ही’ने करा, गरिबाशी आणि श्रीमंताशी सारखीच.
३. हात लावण्यापूर्वी काय करणार ते सांगा.
४. प्रश्न तिलाच विचारा, तिच्या डोक्यावरून नको.
५. बापाला बाहेर ठेवलेत तर दर थोड्या वेळाने बातमी द्या.
६. मुलीच्या बातमीतला ‘च’ काढून टाका.
७. वाईट बातमी बसून, दार लावून, दोघांना एकत्र सांगा.
८. कुणी तिसऱ्यांदा टेबलाशी आले, तर मान वर करा.

शेवटचा नियम माझा स्वतःचा आहे.

त्या रात्रीनंतर अडीच वर्षांनी ती मुलगी पुन्हा त्याच रुग्णालयात आली. पुन्हा नववा महिना, पुन्हा थोडी सूज. मी तिला ओळखले. तिने मला ओळखले की नाही, ते तिच्या चेहऱ्यावरून कळले नाही. मी खुर्ची ओढून तिच्या खाटेशी बसले आणि म्हटले, “माझं नाव मागच्या खेपेला मी तुम्हाला सांगितलं नव्हतं.” ते सांगितले. मग विचारले, “तुम्हाला मी काय म्हणून हाक मारू?”

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग हळूच तिने नाव सांगितले. कागदावरचे नव्हे, माहेरचे. त्या रात्री तिने मला सहा वेळा उठवले. सहाही वेळा काही झालेले नव्हते. सातव्या वेळी पहाटे कळा सुरू झाल्या, आणि दिवस वर यायच्या आत ती एका धडधाकट मुलीची आई झाली.

तिचे नाव मी इथे लिहीत नाही. ते तिचे आहे. पण आजही मला ते पाठ आहे.